कोथरूडची एक सदनिका: भिंतींना थंड रंग की उबदार?

पुण्यात कोथरूडमध्ये 1990 च्या दशकात उभ्या राहिलेल्या एका चार मजली सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेचे हे प्रकरण आहे. दोन बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर, चटई क्षेत्र सुमारे 680 चौरस फूट, आणि घरात निवृत्त आजोबा, आजी, मुलगा, सून व दहावीतली नात. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीला आलेली ओल काढून, लांबी (पुट्टी) भरून, दसऱ्यानंतर रंग सुरू करायचा आणि दिवाळीच्या आत घर मोकळे करायचे, असे ठेकेदाराशी ठरले होते. दरही ठरला होता. अडले होते ते फक्त छटेवर. सुनेला संपूर्ण घर निळसर राखाडी हवे होते. फोनवर तिने जमवलेली सगळी छायाचित्रे त्याच छटेची होती आणि त्या रंगाने घर मोठे, मोकळे व गार वाटेल असा तिचा विश्वास होता. आजोबांना बदामी किंवा क्रीम यापलीकडे काही नको होते. राखाडी भिंत म्हणजे रंग द्यायची राहून गेलेली सिमेंटची भिंत, असे ते म्हणत. मुलाने दोघांच्या मध्ये पडण्याऐवजी सल्लागार बोलावण्याचा सोयीचा मार्ग पत्करला, आणि माझ्यापुढे प्रश्न आला तो असा: थंड रंग द्यायचा की उबदार, ते एकदाच सांगून टाका.

या प्रश्नाला शेड कार्ड उघडून उत्तर देता येत नाही, असे माझे मत आहे आणि हे प्रकरण लिहिण्याचे कारणही तेच. भिंतीवरचा रंग हा घरात आधीपासून असलेल्या तीन गोष्टींवर अवलंबून असतो: खिडकीतून येणारा प्रकाश, फरशी आणि संध्याकाळी लागणारी ट्यूब. या तिन्ही गोष्टींचा कल आधीच थंड किंवा उबदार ठरलेला असतो. रंग सगळ्यात शेवटी येतो आणि त्याने बाकीच्यांशी जुळवून घ्यायचे असते.

त्याआधी गारव्याचा मुद्दा निकालात काढणे आवश्यक होते, कारण सुनेचा अर्धा आग्रह त्यावर उभा होता. आतल्या भिंतीची छटा निळी असली काय किंवा पिवळी असली काय, खोलीच्या तापमानात त्याने लक्षात येईल इतका फरक पडत नाही. फरक पडतो तो गच्चीवर आणि उन्हाकडे तोंड असलेल्या बाहेरच्या भिंतीवर, आणि तिथेही तो किती ऊन परतवले जाते यामुळे पडतो. सूर्याच्या ऊर्जेचा साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो, त्यामुळे डोळ्यांना भासणारा ‘गार’ रंग प्रत्यक्षात किती उष्णता शोषतो हे नुसते पाहून कळत नाही. आतल्या खोलीत राहतो तो केवळ भास. भासही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो, पण मेमध्ये पंखा कमी ठेवता येईल या आशेने कोणी निळा रंग निवडत असेल तर त्याला आधीच सावध करावे.

येथे थोडे विषयांतर. थंड-उबदार ही दोन्ही टोके आपल्या घरांना नवी नाहीत. चुन्याचा हात देताना त्यात थोडी नीळ कालवायची पद्धत होती, कारण नुसता चुना किंचित पिवळट दिसतो आणि निळीच्या स्पर्शाने तो अधिक पांढरा भासतो. अल्ट्रामरीन जातीची नीळ चुन्याच्या क्षारात टिकते, प्रशियन निळा टिकत नाही, हेही कारागिरांना अनुभवाने ठाऊक असे. त्याच घराच्या जोत्याला गेरूचा पट्टा असे. म्हणजे जिथे सावली आणि मंद उजेड तिथे निळसर पांढरा, जिथे माती उडायची तिथे तांबडा. रंग जागेच्या गरजेने येई.

आता पाहणी. हॉल पश्चिमेला, त्याला बाल्कनी. मोठी बेडरूम उत्तरेला, धाकटी दक्षिणेला, स्वयंपाकघर पूर्वेला, आग्नेय कोपऱ्यात. परदेशी मार्गदर्शिका वाचून आलेला कोणीही येथे एक सूत्र सांगेल: उत्तरेच्या खोलीत थेट ऊन नसते, प्रकाश निळसर असतो, म्हणून तिथे उबदार रंग, पश्चिमेला ऊन फार, म्हणून तिथे थंड. हे सूत्र प्रामुख्याने 50 अंश अक्षांशाच्या आसपासच्या देशांतल्या घरांवरून तयार झालेले आहे. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि त्या काळातला बराचसा भाग पावसाळी ढगांखाली जातो. याउलट डिसेंबरात तो दुपारी दक्षिणेला जेमतेम 48 अंश उंचीवर असतो. त्यामुळे दिशेचा नियम येथे ऋतूबरोबर बदलतो. आणि शहरात त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खिडकीसमोर काय उभे आहे.

हॉलपासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी तिथली मोझेइक काढून दोन बाय दोनच्या आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या होत्या आणि त्या बदलण्याचा प्रश्नच नव्हता. दरवाजांना तांबूस सागवानी पॉलिश होते. दुपारी चारनंतर ऊन बाल्कनीच्या स्लॅबखालून थेट आत शिरते, टाइलवर आपटते आणि तिथून पिवळा होऊन भिंतींवर व छतावर पसरते. आजोबांच्या पसंतीची क्रीम छटा दुकानात अतिशय सौम्य दिसली होती. हॉलमध्ये तिचा मोठा नमुना उभा केला तेव्हा सकाळी ती लोण्यासारखी होती आणि पाच वाजता थेट मोहरीच्या रंगाची झाली. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. चारही भिंती एकाच छटेच्या असल्या की प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर परतत राहतो आणि प्रत्येक फेरीत थोडा अधिक रंगतो, त्यामुळे पत्त्याएवढ्या चौकोनावर पाहिलेला पिवळा रंग खोलीभर लागला की नेहमी गडद होऊन बसतो. आजोबांनी नमुना पाहिला आणि ‘हे फारच पिवळे’ असे स्वतःहून म्हटले. येथवर सूत्र खरे ठरले होते.

पण म्हणून सुनेचा निळसर राखाडी रंगही टिकला नाही. आयव्हरी टाइलच्या शेजारी तो होता त्याहून अधिक निळा दिसू लागला आणि त्याच्या शेजारी टाइल मात्र मळकट, जुनाट पिवळी भासू लागली. शेजारच्या रंगाने रंग बदललेला दिसतो हा परिणाम मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये सविस्तर मांडला होता. पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख असताना धागे फिके दिसतात अशा तक्रारी त्याच्याकडे येत, आणि शोध घेतल्यावर दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यात असल्याचे त्याला आढळले. आपल्याकडे हा परिणाम सर्वांत जास्त फरशीपाशी जाणवतो. आयव्हरी टाइल असलेल्या घरात निळ्या अंगाचा राखाडी रंग लावणे म्हणजे स्वतःहून फरशी जुनी करून घेणे होय, असे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. हिरवट-करड्या कोट्याच्या फरशीवर तोच रंग फार देखणा दिसला असता.

निर्णय लागला तो संध्याकाळी. घरातल्या सगळ्या ट्यूब 6500 केल्व्हिनच्या, म्हणजे आपल्याकडे दुकानात ‘पांढरी’ म्हणून देतात त्या. केल्व्हिनचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर, जितका लहान तितका पिवळसर. हॉलमध्ये 20 वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, प्रत्येकीचा प्रकाश सुमारे 2,000 ल्यूमेन. बारा बाय अठरा फुटांचा हॉल म्हणजे साधारण 20 चौरस मीटर; भिंती व छत जेवढा प्रकाश गिळतात तो निम्मा धरला, तर दोन्ही ट्यूब लावूनही खाली 100 लक्सच्या (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या ल्यूमेनच्या) आसपास उजेड उरतो, आणि या घरात टीव्ही पाहताना एकच लावतात. कमी उजेडात निळसर प्रकाश उदास वाटतो, असे निरीक्षण क्रुइथॉफ या डच संशोधकाने 1941 मध्ये एका आलेखातून मांडले. त्याच्या आलेखाच्या नेमक्या सीमांवर नंतर बरेच आक्षेप घेतले गेले, तरी 6500 केल्व्हिनच्या एकाच ट्यूबखाली राखाडी भिंतीसमोर बसलेल्या माणसाला त्यातले तथ्य पटवून द्यावे लागत नाही. फोनवरच्या ज्या छायाचित्रांमुळे हा रंग मनात भरला होता, त्या सर्वांत कोपऱ्यात पिवळे दिवे होते, मोठ्या काचांतून दिवसाचा भरपूर उजेड होता आणि खाली लाकडी फरशी होती. सूनबाईंनी ती छायाचित्रे पुन्हा पाहिली, आणि त्यानंतर राखाडीचा विषय त्यांनी सोडला नाही, पण निळीचा सोडला.

हॉलसाठी अखेर मधला मार्ग निघाला: राखाडीच, पण उबदार अंगाची. मूळ पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, थोडा तांबडा ऑक्साइड आणि काळा अशा मिश्रणाची, परावर्तन मूल्य (भिंत किती प्रकाश परतवते याचे माप) 100 पैकी 68 च्या आसपास असलेली छटा. येथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. पिवळ्यात काळा मिसळला की तो हिरवट होतो, त्यामुळे मशीनवर बनणाऱ्या पुष्कळशा ‘ऑफ व्हाइट’ आणि ‘स्टोन’ छटा टाइलशेजारी आल्यावर अचानक शेवाळी दिसू लागतात; तांबड्याचे दोन थेंब ते टाळतात. डब्याच्या झाकणावर मशीनने चिकटवलेल्या लेबलावर कोणते रंगद्रव्य किती पडले ते छापलेले असते आणि ते वाचायची सवय लावून घेतली, तर शेड कार्डावरच्या काव्यमय नावांवर अवलंबून राहावे लागत नाही. याच छटेबरोबर मी ट्यूब 4000 केल्व्हिनच्या करायला सांगितल्या आणि सोफ्यामागे 3000 केल्व्हिनचा एक दिवा. रंगाच्या एकूण खर्चापुढे हा बदल किरकोळ होता, पण माझ्या मते हॉल सुधारला तो त्याने जास्त.

खरा पेच उत्तरेच्या बेडरूमचा होता. ही खोली आजी-आजोबांची. सूत्राप्रमाणे येथे उबदार रंग हवा, आजोबांनाही तोच हवा होता, सुनेची येथे हरकत नव्हती. म्हणजे सगळ्यांचे एकमत होऊन मोकळे होता आले असते. परंतु बदामी रंगाचा नमुना त्या खोलीत ठेवला तेव्हा तो बदामी राहिलाच नाही. ऑक्टोबरच्या स्वच्छ सकाळी साडेदहाच्या सुमारास तो चक्क गुलाबी होता, जुन्या नर्सिंग होमच्या भिंतींना असतो तसा. छतसुद्धा गुलाबी झाक मारत होते, आणि ते पांढरे होते.

कारण खिडकीबाहेर उभे होते. त्याच सोसायटीची दुसरी इमारत जेमतेम वीस फुटांवर आहे आणि ती विटकरी रंगाची आहे. तिची आपल्याकडे येणारी बाजू दक्षिणाभिमुख. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सूर्य दक्षिणेला असतो. आपल्या इमारतीची सावली त्या भिंतीचा खालचा भाग झाकते, पण वरचे मजले उन्हात राहतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या या खिडकीला नेमका तोच उजळलेला विटकरी पट्टा समोर दिसतो. म्हणजे उत्तरेच्या या खोलीत आकाशाचा निळसर प्रकाश फार थोडा येतो. येतो तो त्या भिंतीवरून परतलेला तांबूस प्रकाश. जूनमध्ये चित्र उलटते. सूर्य उत्तरेकडे गेलेला, समोरची भिंत सावलीत, वर ढग, आणि खोलीत राखी, मंद, निळसर उजेड. एकच खोली वर्षातले काही महिने उबदार आणि काही महिने थंड असते, असे हे प्रकरण आहे, आणि दिशादर्शक घेऊन रंग ठरवणाऱ्याला त्याचा पत्ता लागणार नाही.

यावर मी सुचवलेली छटा ऐकून आजोबा थोडे नाराज झाले: अगदी फिकट, हिरवट अंगाची करडी. तांबूस प्रकाशात हिरवट पृष्ठभाग तांबडा भाग कमी परतवतो, त्यामुळे हिवाळ्यात भिंत जवळजवळ रंगहीन, शांत दिसते. पावसाळ्यात तिचा हिरवा अंश किंचित वर येतो, आणि त्या दिवसांत खोली फार गार वाटू नये म्हणून पलंगाच्या दोन्ही बाजूंना 3000 केल्व्हिनचे दिवे. नमुन्याचा फलक तिथे ठेवल्यावर आजोबांनी तो पाहिला, मग खिडकीचा पडदा ओढून पाहिला, मग पुन्हा उघडून पाहिला. ‘हा हिरवा आहे असे तुम्ही म्हणता म्हणून’, एवढेच ते बोलले. मी होकार समजलो.

आजींचा मुद्दा मात्र कोणाच्याच लक्षात आला नव्हता, तो त्यांनी स्वतः काढला. त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उन्हाळ्यात झाली होती आणि डाव्याची बाकी होती. फलकासमोर उभे राहून त्यांनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि सांगितले की एका डोळ्याने हा पांढुरका दिसतो आणि दुसऱ्याने चहा सांडलेल्या कागदासारखा. यात अतिशयोक्ती नाही. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते, निळा प्रकाश आत कमी पोहोचतो, निळ्या-हिरव्यातले बारीक फरक मिटतात. शस्त्रक्रियेत ते भिंग बदलले की जग अचानक निळसर वाटते. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया 1923 मध्ये झाली, त्यानंतर त्यांचीही एक तक्रार निळ्याबद्दल होती. म्हणून ज्येष्ठांच्या खोलीत निळसर राखाडी रंग दिला तर तरुण माणसाला तो प्रसन्न आणि ज्येष्ठाला मळका व अंधारा दिसण्याची शक्यता राहते, आणि दोघेही आपापल्या डोळ्यांशी प्रामाणिकच असतात. आजींची दुसरी शस्त्रक्रिया व्हायची असल्याने आम्ही छटेचा निळा अंश शून्यावर आणला आणि फिकेपणा एक पायरी वाढवला. दाराची चौकट व स्विचबोर्डाभोवतीचा भाग भिंतीहून स्पष्ट वेगळा दिसेल अशी खबरदारीही घेतली. रात्री उठणाऱ्या माणसाला छटेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

नमुने पाहण्याच्या पद्धतीबद्दल ठेकेदाराशी थोडी ओढाताण झाली. जुन्या रंगावरच रोलरचे तीन-चार पट्टे शेजारी-शेजारी मारून ‘यातला सांगा’ असे विचारण्याची त्यांची रीत होती. या रीतीत प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्याने आणि मागच्या जुन्या रंगाने बिघडतो, शिवाय ओल्या इमल्शनवर निर्णय घेतला जातो, जे वाळल्यावर किंचित गडद होते. त्याऐवजी दोन फूट चौरस हार्डबोर्डवर प्रायमर, मग छटेचे दोन हात, भोवती पांढरी किनार, आणि पूर्ण वाळल्यावर तो फलक खिडकीशेजारच्या भिंतीवर, खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि कोपऱ्यात असा फिरवायचा. फलक उभाच ठेवायचा. टेबलावर आडवा ठेवलेला नमुना छताचा उजेड घेतो आणि भिंतीपेक्षा फिका दिसतो. मिस्त्रींनी हे सगळे जरा कंटाळूनच केले, पण नंतर ते फलक स्वतःच्या दुसऱ्या कामासाठी मागून नेले.

ऑक्टोबरात रंग निवडण्याचा एक तोटा येथे नोंदवणे आवश्यक आहे. दिवाळीपूर्वीचे ऊन लख्ख असते, अंगाची काहिली होत असते आणि मन आपोआप थंड छटेकडे वळते; जुलैमध्ये तेच कुटुंब बहुधा क्रीमसाठी भांडले असते. म्हणून प्रत्येक फलक सूर्योदयापूर्वीच्या उजेडातही पाहायला लावला. पावसाळी आभाळाची नक्कल त्याहून चांगली साधत नाही.

उरलेल्या खोल्यांवर फार वेळ गेला नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला येते म्हणून तिथे केशरी रंग असावा, अशी आजोबांची वास्तूप्रमाणे इच्छा होती. ओट्यावर कडप्पा, त्यावर पांढऱ्या टाइल्स, भिंत उरते ती दाराभोवतीची आणि फ्रिजमागची. तिथे फिकट केशरी देण्यात मला काहीच अडचण दिसली नाही. ओट्यावरचा दिवा मात्र चांगल्या रंगदर्शनाचा, 4000 केल्व्हिनचाच ठेवला, कारण कांदा किती परतला आहे हे पिवळ्या दिव्याखाली नीट कळत नाही. दक्षिणेच्या खोलीत नातीला लव्हेंडर हवा होता. खिडकीबाहेर विलायती शिरीषाचा मोठा विस्तार आहे आणि त्याच्या पानांतून हिरवा उजेड आत येतो, ज्यात निळसर जांभळा रंग राखेसारखा होतो. तांबूस अंगाचा जांभळा तिला दाखवला, तो तिने अभ्यासाच्या टेबलासमोरच्या एकाच भिंतीवर घेतला आणि बाकी तीन भिंती हॉलच्या छटेत गेल्या. छतांना सर्वत्र शुभ्र पांढऱ्याऐवजी भिंतीच्या छटेचा अंश असलेला पांढरा दिला. भिंतींना मॅट फिनिश दिले, कारण चकाकीवर ट्यूब उमटते आणि जुन्या प्लास्टरचे चढउतार उघडे पडतात.

काम दिवाळीच्या आधी आटोपले. त्यानंतरच्या पावसाळ्यात सूनबाईंनी कळवले की हॉल ढगाळ दुपारीही मरगळलेला वाटत नाही आणि टाइल पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते. सोफ्यामागचा दिवा आता बहुतेक संध्याकाळी एकटाच जळतो. आजोबांची तक्रार एकच, की उत्तरेची खोली जुलैमध्ये ‘थोडी पालक’ दिसते. बाजूचे दिवे ते दिवसा लावत नाहीत, वीज वाया जाते म्हणून, हेही त्यांनीच सांगितले. आजींचा दुसरा डोळा झाला आहे आणि त्यांना खोली पूर्वीपेक्षा उजळ वाटते, यातले श्रेय रंगाला किती द्यायचे हे मी मोजत बसलो नाही.

एक प्रश्न मात्र पुढे येणार आहे. सोसायटीने समोरच्या इमारतीला बाहेरून नवा रंग द्यायचे ठरवले आहे आणि सर्वसाधारण सभेत फिकट पिवळ्या रंगाचा प्रस्ताव आहे. तसे झाले तर हिवाळ्यात खिडकीतून येणारा तांबूस प्रकाश पिवळा होईल, उजेड बराच वाढेल, आणि हिरवट करड्या भिंतीवर तो पिवळट हिरवा दिसण्याचा धोका आहे. अशा वेळी हिरवा अंश कमी करून छटा तांबूस करड्याकडे न्यावी लागेल. डब्यावरचे मिश्रणाचे लेबल आणि उरलेला अर्धा लिटर रंग माळ्यावर ठेवायला सांगितले आहे. मिश्रणातला कोणता थेंब कमी करायचा, हे त्या लेबलावरून ठरवता येईल.